रेडिओवर किती भेटते?

उकवा गावच्या मयुरीच्या पत्राला रेडिओनिवेदक भोजराजकाकांनी उत्तर दिलंच नव्हतं. "काका, रेडिओवर बोलणाऱ्याले खरंच किती भेटते? मी खाणीतली नोकरी सोडून तिकडं येऊ का?" असं तिनं विचारलं होतं. आकडा सांगायची लाज वाटून त्यांनी कार्यक्रमात नुसतं तिच्या फर्माइशीचं गाणं लावलं. आज ती पेढे घेऊन बालाघाटला काकांच्या घरी आली. "तुमी माह्यं गाणं लावलं, म्हंजे हौच म्हटलं ना, काका! महिनाअखेर राजीनामा देऊन राह्यली." काकांनी पेढा खाल्ला, तिला चहा पाजला आणि दारापर्यंत सोडून आले. ती गेल्यावर काकू ब्लाउजला हूक लावता लावता म्हणाल्या, "माइकवर लय बोलता, पोरीले खरं सांगाले काहून लाजता?" काकांनी कागद घेतला. 'महिन्याला सहाच ड्युट्या, मिळून नऊ हजार रुपये. बाकी घर काकूच्या शिवणकामावर चालतं,' एवढं लिहून त्यांनी पत्र पोस्टात टाकलं.