कोमट पाणी

न्यूमोनियाने घड्याळजींना तडकाफडकी दवाखाना दाखवला आणि घराला कुलूप लागलं. तापाच्या ग्लानीत टेबलावरच्या टाकीतल्या निळ्या फायटर माशाची त्यांना आठवणच राहिली नाही. महिन्याने ताईचा हात धरून ते परतले, ते मेलेला मासा बघायची तयारी करूनच.

पण मासा मजेत पोहत होता. काच लख्ख होती, तळाशी घाणीचा कण नव्हता, फिल्टरचा स्पंज पिळून परत बसवला होता. टाकीत घालण्याआधी नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून घड्याळजी बादली भरून ठेवायचे, तशी बादलीही भरलेली होती. त्यांनी बोट बुडवलं. पाणी माशाला मानवेल इतकं कोमट होतं.

त्यांचे डोळे भरून आले. "ताई, तुझे उपकार कसे फेडू गं?"

"माझे कसले? मी तर तुझ्या उशाशी होते. किल्लीही तुझ्याच खिशात होती." ताईने खोलीभर नजर फिरवली. "चल, आजच्या दिवस माझ्याकडे राहा."

घड्याळजी टाकीसमोरच्या खुर्चीतून उठले नाहीत. त्या घरात त्यांना तेवढ्याच जिवाची सोबत होती. "जो कोणी असेल," त्यांनी हात जोडले, "त्याचं भलं होवो."

त्यांनी काचेजवळ बोट नेलं. एरवी मासा धावत यायचा. आज त्याने पाठ फिरवली आणि पलीकडच्या रिकाम्या स्टुलासमोर तोंड वर करून थांबला.

घड्याळजींनी आपली खुर्ची हळूच मागे घेतली.

पाण्यावर टपकन एक दाणा पडला.