बारावं पान

तंबाखू ओढायच्या लाकडी पाइपवर सागाची अकरा पानं पूर्ण कोरलेली होती, बारावं अर्धंच. ते अर्धं पान म्हणजे कारागिराची खूण, असा दिव्यानीचा तर्क. फॉरेस्ट गार्ड आजोबांच्या पेटीत सापडलेला पाइप घेऊन गावोगाव विचारत ती पोंभुर्ण्याजवळ वारलू सुताराच्या घरी पोचली. त्याची म्हातारी लेक हसली, “ओढतेस का वं पोरी?” मग तिचं बोट अर्ध्या पानावर थांबलं. “हा माह्या बाचा. बारावं पान कोरून राह्यला होता, तेवढ्यात गार्डानं हिसकला. चोरीचं लाकूड म्हने. तुले कुठी भेटला?” “चंद्रपुरात, बाजारात,” दिव्यानी नजर चुकवत म्हणाली. “इकत घेतलास, त तुहाच हाये,” म्हणत म्हातारीनं बाची कोरायची पटाशी पुढे केली. “जुळते का, पाह्य.” दिव्यानीनं पिशवीतलं मोजमापाचं व्हर्नियर काढलं. पटाशीची धार चार मिलिमीटर. अर्ध्या पानातली शेवटची खाच चार मिलिमीटर.