फुलांची गोळी

निशिगंधाचे देठ तिरके कापून मी फुलदाणीत ठेवले. फुलं टिकावीत म्हणून आई पाण्यात अ‍ॅस्पिरिन टाकायची, तशी मीही डबीतली शेवटची गोळी काढली.

"फुलांना ताप आलाय वाटतं!" हे नेहमीसारखे हसले आणि हसता हसता छाती धरून खालीच बसले.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"निघालोच, वहिनी. अ‍ॅस्पिरिनची गोळी आहे घरात?"

"आहे, पण फुलांची आहे हो!"

"चावून खायला द्या. आत्ता!"

घामेजल्या मुठीत गोळी विरघळायला लागली होती. ती मी ह्यांच्या दातांखाली सरकवली.

हे इस्पितळातून परतले तेव्हा फुलदाणीत मी ताजा निशिगंध ठेवला होता. नवी डबी उघडून ह्यांच्यापुढे गोळी धरली.

"आधी त्यांची दे," हे म्हणाले. "उसनी घेतली होती."