अदलाबदल

"आता दोघं जनावरं बदला," पंच बाई म्हणाल्या, आणि मारिटनं आपल्या कालवडीचा दोर आणखी घट्ट धरला.

रिंगणात दोघंच उरली होती. चौदा वर्षांची मारिट ट्वाइट आणि तिच्याच वर्गातला कोडी ड्रेक्सलर. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, हातात आपापली कालवड. शेवटच्या फेरीला अदलाबदल ही जिल्ह्याच्या जत्रेची जुनी रीत. घरची कालवड कोणीही मिरवून दाखवील हो. दुसऱ्याची नीट चालवा, मग बघू. जिंकेल तो राज्याच्या जत्रेला जाणार, आणि जाणार एकटाच.

पण ड्रेक्सलरांचं जनावर हातात घ्यायचं म्हणजे! मारिटच्या बापानं वर्षानुवर्षं खंडानं केलेलं नदीकाठचं रान ड्रेक्सलरांनी मालकाला भेटून परस्पर आपल्याकडे फिरवलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरं चर्चमध्येसुद्धा एका बाजूला बसत नव्हती. आता त्यांच्याच पोराच्या हातून दोर घ्यायचा आणि वर आभार मानायचे, कारण तोही नियम.

कोडीनं तिच्याकडे न बघता दोर पुढे केला. "लाथ मारते," एवढंच म्हणाला. साफ खोटं. कालवड इतकी गरीब निघाली की मारिटनं नुसतं खांद्याला बोट लावलं तर मागचा पाय हवा तिथं पडला.

कुंपणाशी मारिटचा बाप उभा होता. अर्लन ट्वाइट, गावच्या मुलांच्या क्लबचा प्रमुख. दोर कसा धरायचा, सभेत उभं राहून कसं बोलायचं, हरल्यावर हात कसा मिळवायचा, हे पंचक्रोशीतल्या प्रत्येक पोराला त्यानंच शिकवलेलं. कोडीलाही. रानाचं भांडण झालं तरी ड्रेक्सलरांनी पोराला क्लबातून काढलं नाही, कारण जवळपास दुसरा क्लब नव्हता. अर्लननंही त्याला हाकललं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं टाकलं.

मारिटची तांबूस नेली कोडीच्या हातात पहिल्यांदा बरी चालली. मग कुंपणाच्या बाजूनं बारीक खुळखुळ ऐकू आली. नेलीनं कान टवकारले आणि मान वळवली. पुन्हा खुळखुळ. नेली सुटली ती सरळ कुंपणाकडे. कोडी दोराला लोंबकळत रिंगणात पसरलेल्या लाकडी भुशातून फरपटत गेला, पण पठ्ठ्यानं दोर काही सोडला नाही.

"अरे, कोण कोणाला हाकतंय?" बाकांवरून कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

"दोर आखूड धर, पोरा," अर्लन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शिकवलंय ना मी?" त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता.

मारिटच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. हिवाळाभर नेलीला खाणं टाकण्याआधी बाप ट्रकच्या किल्ल्या वाजवायचा. का, विचारलं तर म्हणायचा, असू दे, सवय असलेली बरी. बापाचा एक चाळा म्हणून मारिटनं सोडून दिलं होतं. शेवटच्या फेरीत जनावरं बदलतात, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

जिंकायला तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं. खोटं कशाला बोला, कोडीला भुसा खाताना बघून तिला गार वाटलं. त्याचे पांढरे कपडे शेणानं माखले, कोपर सोलवटलं, आणि तो रडकुंडीला येऊन नेलीला मागे ओढत होता. बरं झालं, असंच तिच्या मनात आलं.

मग तिला राग आला. कोडीचा नाही. ती पहाटे उठून नेलीला गोठ्यामागच्या वाटेनं चालवायची, थंडीनं बोटं फुटेपर्यंत चालवायची. ही पोरगी आपल्या हिमतीवर जिंकेल, हे तिच्या बापाला एक दिवसही खरं वाटलं नव्हतं.

"बाबा," ती अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "खिशातल्या किल्ल्या वाजवू नका. तिला वाटतंय खाणं आलं."

बाकांवरची डोकी कुंपणाकडे वळली. पंच बाईंनी अर्लनच्या खिशाकडे पाहिलं. बाहेरून मदत झाली की ज्याच्या बाजूनं झाली त्याचा नंबर जातो. विजेत्याची जांभळी फीत त्यांनी कोडीच्या छातीला लावली.

हरणाऱ्यानं हात मिळवायचा असतो. मारिटनं मिळवला. कोडीचा हात ओला होता, पकड मात्र घट्ट.

"तुझ्या जागी मी असतो तर तोंड उघडलं नसतं," तो म्हणाला.

"माहीत आहे," मारिट म्हणाली.

फीत लागली की क्लबची सगळी पोरं रिंगणात येऊन शपथ म्हणतात. प्रमुख सांगतो, पोरं मागून म्हणतात. धाकटी पोरं धावत आली, ओळीत उभी राहिली, हात वर झाले. कोडीही शेवटाला जाऊन उभा राहिला. फाटक उघडून अर्लन आत आला. त्याचं तोंड लाल झालं होतं. तो पोरांसमोर गेलाच नाही. मुलीपाशी येऊन थांबला.

"तूच सांग शपथ," तो म्हणाला. "तुला फार कळतं ना." आणि पाठ फिरवून चालता झाला.

पोरं हात वर करून मारिटकडे बघत राहिली. कोणीतरी खुसखुसलं. कोडीनं तिला ऐकू जाईल असा उसासा टाकला.

मारिट पुढे झाली. पहिलं वाक्य तिच्या तोंडून निघालं ते हुबेहूब बापाच्या आवाजात, तसंच तोडून, तसंच दरडावून. धाकटी पोरं दचकली आणि ताठ उभी राहिली.