व्हर्लिनची काडतुसं

रिव्हॉल्व्हरचा चाप मागे आला, काडतुसावर घोडा पडला आणि पुन्हा नुसतं टक् झालं.

डेलमर हॉस्किन्सने नळी निशाण्याकडेच रोखून ठेवली आणि डावा हात वर केला. काडतूस फुसकं निघालं की असंच उभं राहायचं, कारण कधीकधी बार उशिरा उडतो. रांगेवर देखरेख करणारी लोर्ना घड्याळ बघत थांबली, शेजारचे नेमबाज खोळंबले. ओरोफिनो गावाजवळच्या डोंगरावरच्या त्या मैदानात आपल्यामुळे लोकांना ताटकळावं लागतंय, या विचाराने डेलमरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"व्हर्लिन," मागे न वळताच तो ओरडला, "काडतुसांत दारू भरतोस की पीठ?"

रांगेत हशा पिकला. व्हर्लिन टॅकेट मागे कॉफीचा थर्मास धरून उभा होता. डेलमरची काडतुसं कित्येक वर्षं हाच आपल्या घरी, आपल्या हाताने भरायचा आणि त्यातलं एकही वाया गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. एरवी असं कुणी बोललं असतं, तर त्याने तिथल्या तिथे भांडण उकरून काढलं असतं. आज तो म्हणाला, "असेल बाबा. माझंच चुकलं असेल."

ही नेमबाजी जुन्या, मोठ्या सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरांची. अंगठ्याने घोडा मागे ओढायचा नाही, प्रत्येक बार नुसता चाप ओढून काढायचा. त्यात बोटाचा जीव जातो. ज्याला जमत नाही त्याने मागच्या खुर्च्यांवर बसून वाडग्यातली खिम्याची चिली खावी, हा नियम डेलमरनेच केलेला. गेल्या उन्हाळ्यात अंगठा वापरला म्हणून त्याने ओरिन स्ट्रँडला भर रांगेतून उठवून तिकडे बसवलं होतं, आणि वर दोन विनोदही केले होते.

डेलमरच्या घरी अशा रिव्हॉल्व्हरांचं कपाटच होतं. हे आजचं त्यातलं लाडकं, महायुद्धाच्या आधीचं, नळीच्या टोकाला पोलादाची निळी झिलई थोडी झिजलेली. मध्यंतरी संधिवाताने धरलेलं त्याचं बोट याच्या चापावर अडायला लागलं होतं. या आठवड्यात मात्र बोट एकदम मोकळं झालं. मलम लागू पडलं, असं तो गावभर सांगत सुटला. स्वयंपाकघरात बसून रिकामा चाप इतक्या वेळा ओढला, की बायकोने, नोरीनने, त्याला बाहेर हाकललं.

सुट्टी झाली तसं त्याने फुसकं काडतूस बाहेर काढलं. ते व्हर्लिनच्या नाकासमोर नाचवायचं होतं. पण बुडावरच्या खुणेकडे नजर गेली आणि त्याने ते डोळ्यांजवळ धरलं. पितळेवर घोड्याचा खळगा खोल हवा, हा नखाने दाबल्यासारखा उथळ होता. काडतुसात काही खोट नव्हती. घोडाच जोराने पडत नव्हता.

रिव्हॉल्व्हर रिकामं करून तो मागच्या टेबलाशी गेला. तिथे काडतुसं न्यायला मनाई, रिकामी हत्यारं तेवढी उघडायची. मुठीच्या पुढच्या अंगाला खाली एक बारीक स्क्रू असतो, तोच आतल्या स्प्रिंगला ताण देतो; सैल केला की चाप हलका होतो, पण घोड्याचा जोरही जातो. तो सैल होता.

व्हर्लिन त्याच्या मागोमाग येऊन उभा राहिला.

"तुला साफ करायला दिलं होतं," डेलमर म्हणाला.

"केलं की साफ."

"आणि हे?"

व्हर्लिनने स्क्रूकडे बघितलं. "दीडच आटे सोडलेत. वाटलं, तेवढ्यावर भागेल."

"दुसऱ्याच्या रिव्हॉल्व्हरच्या स्क्रूला हात लावायचा नाही, हे आता मी तुला शिकवू?"

"ओरखडा दिसतोय का कुठे, बघ."

ओरखडा नव्हता, आणि त्याने तर डेलमरचं डोकं आणखीच फिरलं. "मला विचारायचं होतंस."

"काय म्हणाला असतास?"

डेलमरने स्क्रू पार आतपर्यंत आवळला, मातीच्या बांधाकडे नळी केली आणि चाप ओढला. बोट अर्ध्यावर अडकलं. पुन्हा ओढला. होता नव्हता तेवढा जोर लावला, पण चाप मागे येईना. त्याला रडू फुटेल इतका राग आला. व्हर्लिनचा नव्हे. त्या बोटाचा, त्या मलमाचा, आठवडाभर खुळ्यासारखं खूश राहिल्याचा.

"अंगठ्याने ओढ ना घोडा," व्हर्लिन हळूच म्हणाला. "कोण काय म्हणणार आहे तुला?"

"ओरिनला मी म्हणालो होतो."

लोर्नाची शिट्टी झाली. डेलमरने पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्क्रू उलटा फिरवायला लागला. एक आटा. मग अर्धा.

"परत फुसकी जातील," व्हर्लिन म्हणाला.

"जाऊ देत."

रांगेवर दोन बार झकास उडाले. तिसऱ्याला टक्. डेलमरने हात वर केला.

नियमाचा वेळ संपल्यावर लोर्ना आपलं खोकं घेऊन त्याच्याजवळ आली. "डेलमर, ही घ्या माझी. थेट कारखान्यातली आहेत, एकही दगा देणार नाही. त्याच्या भुसकटावर कशाला दिवस वाया घालवताय?"

खुर्च्यांवरून ओरिन खदखदून हसला.

"नको," डेलमर म्हणाला. नळी अजून समोरच होती. कारखान्यातलं काडतूसही फुसकं गेलं असतं, तर खोट कुठे आहे ते सगळ्यांना कळलं असतं. "मी व्हर्लिनचीच वापरतो."

"पुढच्या वेळी नीट भरीन रे," मागून व्हर्लिन म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.