निरोपाची सोय

भास्कररावांना निरोप द्यायला कुणी आले नव्हते, म्हणून सरकारी विमानतळाने आपल्या फुकट सोयीप्रमाणे त्यांच्या बायकोची, कुमुदची, हुबेहूब प्रतिकृती त्यांच्या शेजारी बसवली. खरी कुमुद उन्हाळ्यातच वारली होती. साडी तीच, कपाळावरची आठीही तीच.

"अहो, तिकडे कुणाला भेटणार? बॅगेत काय आहे?"

भास्कररावांना खटकले. हयातीत तिने "डबा घेतला का?" यापलीकडे कधी काही विचारले नव्हते.

"तू काय पोलिसात लागलीस?"

"सांगा ना. काळजी वाटते हो."

त्यांनी बॅग पोटाशी धरली. "तुझ्या अस्थी आहेत, कुमुद. काशीला नेतोय."

तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"बरं. बॅग तुम्ही स्वतःच भरली ना? मध्ये कुणाच्या हातात दिली नव्हती ना?"