चमचाभर रंग

धाकटीने कोळशाची पुरचुंडी दोरीला बांधून विहिरीत सोडली, तेव्हा आई पायरीवर बसून तांब्या घासत होती.

"झालं? बांधलास ताईत?" मान वर न करता तिने विचारलं.

धाकटी हसली नाही. सकाळपासून तिने उतारावरच्या सगळ्या विहिरींमध्ये अशा पुरचुंड्या सोडल्या होत्या. ही शेवटची. आईचं घर वस्तीपासून लांब, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एकटंच होतं. तिच्या विहिरीवर दुसरं कोणी पाणी भरत नसे.

वरच्या खडकाळ भागात नदी एका भोकात शिरून नाहीशी व्हायची. लोक त्याला घसा म्हणत. पूर्वी घसा अरुंद होता. थोडंफार पाणी गिळून बाकीचं पुढे सोडायचा. आता तो इतका रुंदावला होता की खाली नुसतं कोरडं पात्र उरलं होतं आणि काठची गावं उठून छावणीत राहत होती. घसा बुजवला की नदी पुन्हा खाली जाणार होती. पण गिळलेलं पाणी जातं कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून घशात हिरवा रंग ओतला होता, बिनविषारी. ज्या विहिरीला घशातून पाणी येत असेल, तिथल्या कोळशात तो उतरणार होता.

घसा बुजवण्याच्या योजनेच्या साहेबांनी सभेत शब्द दिला होता. एका जरी विहिरीत रंग आला, तर घसा बुजवायचा नाही. एकाचं पाणी तोडून दुसऱ्याला द्यायचं नाही. मागून कोणीतरी विचारलं, विहिरीचा मालकच हो म्हणाला तर? तरीही नाही, साहेब म्हणाले. आज हो म्हणणारा उद्या म्हणेल, माझ्यावर जबरदस्ती झाली.

तेव्हा आई पुढच्या रांगेतून उठली होती. "आणि मीच तुमचा रंग चमचाभर माझ्या विहिरीत टाकला तर?"

सभा हसली. साहेबही हसले. नंतर मात्र त्यांनी धाकटीला बाजूला घेऊन सुचवलं की रंगाचा उरलेला, आईच्या घरी ठेवलेला डबा तिथे नसलेला बरा. धाकटीला ते लागलं. डबा तिने तिथेच राहू दिला.

आई योजनेवर खार खाऊन होती, हे सगळ्यांना माहीत होतं. थोरली लेक लग्न होऊन खाली नदीकाठच्या गावात नांदत होती. छावणीतलं पाणी पिऊन तिला हगवण लागली आणि त्यातच ती गेली. तिची मुलगी तिथेच राहिली, कारण जावई तिला इकडे पाठवायला तयार होईना. आई चारचौघांत रडली नाही. धाकटी या कामावर रुजू झाली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "ती गेली. आता नदी आणून कुणाला पाजणार?"

एकेका विहिरीतली पुरचुंडी निघाली. रंग कुठेच नव्हता. आभाळ भरून येऊ लागलं होतं. एकदा घशाला लोंढा लागला की बुजवण्याचं काम पुढच्या वर्षावर जाणार होतं.

शेवटी धाकटीने आईच्या विहिरीतली पुरचुंडी वर ओढली. कोळसा बाटलीतल्या द्रावणात टाकून हलवला. द्रावण हिरवंगार झालं. ती विहिरीत वाकून बघत राहिली. उन्हाची तिरीप पडली होती तिथे पाणीसुद्धा हिरवट दिसत होतं.

घरात आई चादरीला ठिगळ लावत होती. धाकटीने बाटली तिच्यासमोर धरली.

"मीच टाकला," आई म्हणाली. धाकटीने अजून काही विचारलंही नव्हतं.

"आई."

"सांगितलं होतं ना सभेत? तुम्हाला वाटलं, म्हातारी गंमत करतेय."

धाकटीने बाटली खाली ठेवली. तिने विचारलं, का. आई म्हणाली, विहीर माझी आहे, तिच्यात काय टाकायचं ते मी ठरवीन; आणि जरा सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाही. धाकटीने दोरा ओवला.

"ताईची पोरगी अजून तिथलंच पाणी पितेय," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

डबा आधीच निम्मा वापरलेला होता. त्यातून चमचाभर गेला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. धाकटीने घरामागे जाऊन बाटली मातीत ओतली. साहेबांना तिने सांगितलं, रंग आलाय, पण तो आईचा उपद्व्याप आहे. साहेब तिच्या तोंडाकडे बघत राहिले. दुसरी पुरचुंडी सोडायला आता वेळ नाही, असं ते म्हणाले आणि धाकटीने वाद घातला नाही.

घशात मोठे दगड लोटले, त्यावर खडी, त्यावर काँक्रीट. ते घट्ट झालं तेव्हा वर बांध घालून अडवलेलं पाणी सोडलं. नदी घशाशी येऊन जरा घुटमळली, फुगली आणि वरून पलीकडे गेली. माणसं ओरडली. कोणीतरी धाकटीच्या पाठीवर थाप मारली. ती पाण्याबरोबरच खाली छावणीकडे निघाली. जाताना आईच्या दारावरून गेली, पण आत गेली नाही.

आईने सकाळीच घरातली सगळी भांडी विहिरीपाशी आणली होती. बादल्या, पातेली, कळशी, लेकींना लहानपणी अंघोळ घालायचं घमेलंसुद्धा. एकेक भरून ती झाकून ठेवत होती. दिवस कलताना बादली सोडली तर दोर पुरेना. तिने कठड्यावर हात टेकून आत बघितलं. पाणी बरंच खाली गेलं होतं, तिच्या अंदाजापेक्षा लवकर.